परबकाकांचं बिनमिठाचं वेळापत्रक

परबकाका एकटे राहतात आणि रोज सकाळी स्वतःच्या स्वयंपाकघरात उभं राहून खणखणीत आवाजात घोषणा करतात.

"लक्ष द्या. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी मार्गे मुगाची आमटी, फलाट क्रमांक एकवर लागत आहे. खोबऱ्याची चटणी आज रद्द करण्यात आलेली आहे. प्रवाशांनी नोंद घ्यावी."

प्रवासी कोणी नसतो. फलाट क्रमांक एक म्हणजे गॅसशेजारचा ओटा आणि फलाट क्रमांक दोन म्हणजे जेवायचं टेबल. मला हे ठाऊक आहे, कारण डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांच्या आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. बिल्डरनं तो डक्ट पाइपांसाठी ठेवला होता. आम्ही तो आवाजांसाठी वापरतो. माझ्याकडे मिरचीची फोडणी पडली की परबकाका खोकतात, आणि त्यांची घोषणा झाली की वागळे इस्टेटला निघायच्या घाईत असलेला माझा नवरा विचारतो, "आपली कधी लागणार?"

परबकाका कल्याणच्या बस स्टँडवर कंट्रोलर होते. पत्र्याच्या छपराखाली, जाळीच्या खिडकीमागे बसून मुरबाड, शहापूर, भिवंडी, पडघा अशा गाड्या माइकवरून सोडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आवाज इतका भारदस्त की भिवंडीला निघालेली माणसं ऐकता ऐकता मुरबाडच्या गाडीत जाऊन बसायची, असं ते स्वतःच सांगतात. निवृत्त झाल्यावर माइक स्टँडवर राहिला, आवाज घरी आला.

परबवहिनी होत्या तोवर स्वयंपाक त्या करायच्या आणि घोषणा हे करायचे. "माशाचं कालवण निघण्याच्या तयारीत आहे," असं यांनी जाहीर केलं की वहिनी आतून म्हणायच्या, "प्रवासी एकच आहे. त्यानं निमूट येऊन पाटावर बसावं." वहिनी गेल्या. घोषणा चालू राहिल्या, पदार्थ मात्र कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून येऊ लागले. सकाळी वडापाव, दुपारी केंद्रातली तेलात पोहणारी भाजी, संध्याकाळी पुन्हा वडापाव, आणि प्रत्येक जेवणात माझ्याकडचं लोणचं. मी घरून लोणची, पापड आणि मसाले करून विकते. म्हणजे हृदयरोग्याच्या शेजारी जे जे असू नये ते सगळं माझ्याकडे बरण्या भरून असतं.

तेव्हा काका हृदयरोगी आहेत हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ते कळलं एका दुपारी. बेल वाजली. दारात काका, इस्त्रीचा शर्ट घातलेला आणि तो घामानं पाठीला चिकटलेला.

"शैलाताई," ते म्हणाले, "छातीत जरा ब्रेकडाउन झाल्यासारखं वाटतंय. घाई नाही. तुमचं आटपू द्या."

माझा कैरीचा मसाला कढईत होता. मी गॅस बंद केला, पर्स उचलली आणि काकांना धरून रिक्षात घातलं. रिक्षात त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, तरी ते रिक्षावाल्याला सांगत होते, "गल्लीतून काढू नकोस, पुढे खोदून ठेवलंय." त्यानं ऐकलं नाही. पुढे खोदून ठेवलं होतं. रिक्षा मागे घेताना काका डोळे मिटून म्हणाले, "कंट्रोलरचं कोणी ऐकत नाही."

वेळेत पोचलो. स्टेंट बसला. डॉक्टरांनी घरी सोडताना पथ्य सांगितलं: मीठ कमी, तेल कमी, तळलेलं बंद, पापड-लोणचं बंद. भाज्या, डाळी, फळं भरपूर. मासे चालतील, पण तळून नाही आणि नारळाच्या वाटणात बुडवून नाही. पापड-लोणच्यापर्यंत काकांनी मान डोलावली. नारळाला मात्र त्यांनी माझ्याकडे वळून हळूच म्हटलं, "डॉक्टर घाटावरचे दिसतायत."

मानसी, त्यांची एकुलती एक मुलगी, बेंगळुरूहून आली होती. भराभर बोलणारी, हुशार, आणि वडिलांइतकीच ठाम. काकांना घरी आणल्यावर तिनं आधी फ्रिज उघडला. आत वडापावच्या लाल चटणीच्या पुड्या आणि माझ्याकडची लोणच्याची बरणी. तिनं फ्रिज बंद केला.

"बाबा, तुम्ही माझ्याकडे चला. हे घर भाड्यानं देऊ."

"मी इथेच राहणार."

"आणि खाणार काय?"

"रांधीन."

"तुम्ही? गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरवायचं ते तरी ठाऊक आहे?"

"उभ्या जन्मात हजारो गाड्या सोडल्यात मी. एक कुकर सुटणार नाही?"

"बाबा, तिकडे सगळं आहे. बाई येते स्वयंपाकाला. हॉस्पिटल समोर आहे."

"तिकडे मी बोलू कोणाशी? घोषणा द्यायची झाली तर कानडीत द्यावी लागेल."

हे असं चार-पाच दिवस चाललं. सगळं डक्टमधून ऐकू येत होतं, त्यामुळे मला वेगळं सांगायची गरज नव्हती, पण दोघांनीही येऊन वेगवेगळं सांगितलं. अखेर समझोता झाला. काकांनी पथ्याचं स्वतः रांधून खायचं. तब्येत नीट राहिली तर डोंबिवली, बिघडली तर बेंगळुरू. आणि लक्ष ठेवायला मी.

"काकू," मानसी जाताना म्हणाली, "काही वेडंवाकडं खाल्लं तर मला लगेच कळवा. त्यांच्या बोलण्यात येऊ नका."

मला हे काम आवडलं. लोणच्याच्या धंद्यात इतका अधिकार मिळत नाही.

काकांनी त्याच दिवशी माझं नाव 'चेकर' ठेवलं. रस्त्यात मध्येच गाडी थांबवून तिकिटं तपासायला चढतात ते चेकर. कंट्रोलरचं आणि त्यांचं कधी पटत नसावं, कारण हे नाव ते तोंडात खडा आल्यासारखं उच्चारायचे.

मग स्वयंपाक सुरू झाला. पहिली भाकरी थापताना परातीतच फाटली. "ज्वारीची भाकरी तांत्रिक कारणामुळे उशिरानं धावत आहे," असं डक्टमधून ऐकू आलं. दुसरी तव्याला चिकटली. "सदर गाडी रद्द." तिसऱ्या वेळी घोषणा झालीच नाही. मी खिडकीतून ओरडून सांगितलं, "काका, पाणी कढत घ्या. पीठ मळून लगेच थापा, ठेवून देऊ नका." थोड्या वेळानं आवाज आला, "भाकरी फलाटावर आलेली आहे. आकार कोणी विचारू नये."

मानसीनं तिकडून पार्सलं पाठवायला सुरुवात केली. ओट्स आले. काकांनी ते शिजवले, खाल्ले, आणि उरलेले गॅलरीत चिमण्यांना घातले. चिमण्या आल्या, बघून गेल्या. ऑलिव्ह तेल आलं. त्याची किंमत वाचून ते स्वतः खाणं काकांना जमेना. त्यांनी ते देवापुढच्या समईत घातलं. मी विचारलं तर म्हणाले, "देवाचंही वय झालंय."

सुरुवातीला माझ्याकडून तक्रारी बऱ्याच गेल्या. काका कोपऱ्यावर कांदाभजी खाताना दिसले, कळवलं. गच्चीवर वाळत घातलेले माझे पापड कमी भरले आणि काकांच्या शर्टावर हिंगाचा वास आला, कळवलं. माझा मेसेज गेला की पाचेक मिनिटांत त्यांच्याकडे फोन वाजायचा. मग डक्टमधून एकाच बाजूचं बोलणं यायचं.

"दोनच गं. … बरं, चार. … कांदा म्हणजे भाजीच ना? … नाही, नाही, परत नाही. … तू जेवलीस का? … मग रात्री काय करणार? … नातू माझा अजून वरणभातच खातो का?"

भज्यांवरून सुरू झालेला फोन तिच्या ऑफिसात जायचा, नातवाच्या शाळेत जायचा, बेंगळुरूच्या ट्रॅफिकमध्ये रेंगाळायचा. फोन ठेवला की काका खिडकीशी येऊन म्हणायचे, "झालं समाधान, चेकरबाई?" मी म्हणायची, "झालं. उद्या परत खा, परत कळवते."

हळूहळू ते सुधारले. कोपऱ्यावर दिसेनासे झाले. भाकरीला पापुद्रा सुटू लागला. डाळी भिजवणं, पालेभाजी निवडणं, पेज करणं, सगळं वेळापत्रकाबरहुकूम. तरीही पुढच्या तपासणीला त्यांचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. डॉक्टर चक्रावले. मी सोबत होते.

"मीठ?"

"बंद."

"पापड, लोणचं, फरसाण?"

"बंद."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान डोलावली. गोळी वाढवण्यात आली.

मानसीला हे काकांनीच सांगितलं. लपवायचं त्यांच्या स्वभावात नाही, माइकवर आयुष्य गेलेल्या माणसाला ते जमतही नाही. फोनवर काका दोनदा "हॅलो" म्हणाले. मग म्हणाले, "बरं. ये." दुसऱ्या दिवशी तिनं मलाही कळवलं. पुढच्या महिन्यात शनिवार-रविवार जोडून ती येणार होती, आणि परतीची तिकिटं दोन काढणार होती.

त्या दिवशी डक्टमधून घोषणा आली नाही. भांडी वाजली, पाणी सुटलं, कुकरची शिट्टी झाली, आणि एक माणूस गुपचूप जेवला. मला ते आवडलं नाही. मी उठून त्यांच्याकडे गेले.

एरवी ते मला स्वयंपाकघरात येऊ देत नसत. "ड्रायव्हरच्या केबिनमध्ये प्रवाशांना मनाई आहे," म्हणायचे. त्या दिवशी बाजूला सरकले. मी म्हटलं, "उद्याची आमटी माझ्यासमोर करा."

दुसऱ्या दिवशी मी स्टूल घेऊन बसले. मूग शिजलेले. तेल बाटलीच्या झाकणात मोजून घेतलं. मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता. सगळं नीट. मग त्यांनी फडताळातून एक मोठी काचेची बरणी काढली, आत गुलाबीसर पूड. चमचा भरला आणि आमटीत उलटा केला. मग आणखी अर्धा.

"काका, हे काय?"

"सैंधव."

"एवढं?"

"अंदाजानं. काही हरकत नाही त्याला."

"सैंधव म्हणजे मीठच की."

काकांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "मीठ कसं असेल? उपासाला चालतं ते. उपासाला मीठ चालतं का?"

आमच्या घरीही आजीपासून हाच कायदा. एकादशीच्या बटाट्याच्या भाजीत मीठ पडलं तर उपास मोडला, सैंधव पडलं तर पुण्य. त्या कायद्यानं काकांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांनी मीठ खरोखर बंद केलं होतं आणि त्याच्या दुप्पट मीठ ते इमानेइतबारे खात होते.

"काका," मी म्हटलं, "उपास देवाला कळतो. तुमच्या रक्तवाहिन्यांना नाही कळत. त्यांच्या लेखी हे मीठच."

ते बरणी हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "म्हणजे चुकीच्या फलाटावर लावत होतो."

"हो."

"एवढे महिने?"

"हो. आता बरणी इकडे द्या."

महिनाभर आम्ही जीभ बदलण्याचं काम केलं. पहिल्या दिवशी आमटी तोंडात घेऊन ते म्हणाले, "ओला पुठ्ठा." दुसऱ्या दिवशी, "चांगल्या प्रतीचा ओला पुठ्ठा." मी त्यांना माझ्या धंद्यातल्या युक्त्या सांगितल्या. मीठ काढलं की आंबट वाढवायचं. लिंबू, कोकम, ताकाची निवळ. जिरं कोरडं भाजून, भरडून वरून घालायचं. लसूण तेलात जाळण्याऐवजी विस्तवावर भाजायची. कांदा तसाच आचेवर सालासकट काळा करायचा आणि मग वाटायचा. नारळाची आठवण जात नाही, पण ती जरा लांब जाऊन बसते.

मासा मात्र त्यांनी स्वतः जमवला. बांगडा, कोकम, भाजलेल्या कांद्याचं थोडं वाटण, आणि तिरफळं. तिरफळ म्हणजे कोकणातलं ते मिरीएवढं फळ, त्यानं जिभेला मुंग्या येतात. तेलाचा थेंब नाही, नारळाचा कण नाही, मीठ नावाला. मला चव दाखवायला वाटी आणली तेव्हा दारात उभं राहून माझं तोंड बघत होते. चांगलं झालं होतं. मी "ठीक आहे" म्हटलं. माझ्याकडून एवढंच मिळतं हे त्यांना ठाऊक आहे. घरी जाऊन त्यांनी घोषणा केली, "बांगड्याचं कालवण, तिरफळ मार्गे, जलद, चेकरनं सोडलेलं आहे."

मानसी यायच्या आधी ब्लडप्रेशर पुन्हा तपासलं. उतरलं होतं. पण तेवढ्यानं तिचं समाधान होणार नव्हतं. ती म्हणाली होती, "मी स्वतः बघणार, बाबा काय खातात ते."

शनिवारी ती विमानतळावरून टॅक्सीनं निघाली. काकांनी दुपारचं जेवण एक वाजता लावलं होतं. बांगडा मंद आचेवर, भाकरीचं पीठ तयार, पाणी कढत. साडेबाराला फोन केला.

"कुठवर आलीस?"

"शीळफाट्याला अडकलेय बाबा. काही हलत नाहीये."

इतक्या दिवसांत काकांचा चेहरा असा खुललेला मी पाहिला नव्हता. ही त्यांच्या हातातली गोष्ट होती. "कुठली लेन? पुढे ट्रेलर आहे का? ड्रायव्हरला दे." ड्रायव्हरला त्यांनी कुठून वळायचं, कुठे वळू नये ते सांगितलं. त्यानं ऐकलं नसावं, कारण दहा मिनिटांनी ती तिथेच होती. दर थोड्या वेळानं डक्टमधून बातमी यायची. "बेंगळुरूहून येणारी गाडी शीळफाट्याजवळ खोळंबलेली आहे. भाकरी थांबवून धरण्यात आलेली आहे."

दोनच्या पुढे ती पोचली. तिनं मलाही जेवायला बसवलं, पंच म्हणून. काका तव्यावरून एकेक भाकरी वाढत होते. मानसीनं आधी आमटी चाखली, मग भाजी, मग बांगड्याचा तुकडा. काका उलथनं घेऊन उभे. मी भाकरी मोडत होते. तिनं दुसऱ्यांदा कालवण घेतलं. तिसऱ्यांदा वाटी पुसून घेतली.

"बाबा, यात नारळ नाही?"

"नाही."

"तेल?"

"नाही."

"मीठ?"

"चेकरला विचार."

मी म्हटलं, "नावाला."

मानसी टेबलावर कोपर टेकून वडिलांकडे पाहत राहिली. मग हसली, आणि तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखी सैल बसली. "मी उगाच दुसरं तिकीट काढलं," ती म्हणाली. "रद्द करते."

काका जिंकले होते. घर राहिलं, डोंबिवली राहिली, फलाट एक आणि दोन दोन्ही राहिले. मला वाटलं, आता मोठी घोषणा होईल. ते तव्यावरची भाकरी उलटत राहिले. ती करपली.

रविवारी ती निघताना मी पार्किंगपर्यंत गेले. टॅक्सीच्या खिडकीशी वाकून काका म्हणत होते, "तसा भात अजून जमत नाही मला. गोळा होतो."

"जमेल, बाबा."

"नाचणीचं तर अजून काहीच केलेलं नाही."

"कराल हो. आता मला तुमची काळजी नाही." हे तिनं फार प्रेमानं म्हटलं. टॅक्सी वळून गेल्यावरही काका थोडे वाकलेलेच उभे होते.

त्यानंतर त्यांचं पथ्य एखाद्या आदर्श माणसासारखं चाललं. मी शोधूनही चूक सापडेना. रोजच्या ताटाचा फोटो ते मानसीला पाठवायचे. आधी ती फोन करायची, मग एक-दोन ओळी लिहायची, मग नुसता अंगठा पाठवू लागली. तिचंही काही चुकत नव्हतं. नोकरी, मूल, त्या शहरातली अंतरं. जिथे आग लागलेली असते तिथे माणूस आधी धावतो.

मसाला घ्यायला आलेल्या एका बाईला मी सोडायला दारात आले, तेव्हा काका जिन्यात फोन बघत होते. मला स्क्रीन दाखवली. भाकरी, अंगठा. पिठलं, अंगठा. दुधी, अंगठा.

"कामात असते ती," मी म्हटलं.

"असणारच. मी कुठे काय म्हणतोय." त्यांनी फोन खिशात टाकला. "शैलाताई, वेळेवर धावणाऱ्या गाडीची चौकशी खिडकीवर कोणी करत नाही. सगळे विचारतात ती न आलेल्या गाडीबद्दल."

आणि भाजीची पिशवी घेऊन खाली गेले.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात काका. इस्त्रीचा शर्ट. मी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग शर्टाच्या पाठीकडे. कोरडी होती.

"एक तक्रार द्यायची होती," ते म्हणाले.

"कोणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

मी त्यांना आत घेतलं. ते खुर्चीच्या टोकावर बसले, हात गुडघ्यांवर.

"मानसीला कळवा," ते म्हणाले, "की मी वडापाव खाल्ला."

"कधी खाल्लात?"

"खाल्ला नाही. खाणारही नाही. आता ते तेल घशाखाली उतरत नाही माझ्या. तुम्ही नुसतं कळवा."

मी कैऱ्यांच्या फोडी करत होते. सुरी खाली ठेवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या कपाटातल्या बरण्यांवरची नावं वाचत असल्यासारखे बसले होते.

काय करावं हे मला लगेच ठरवता आलं नाही. ती तिकडे घाबरेल. कामातून उठेल. पण ती तरुण आहे, तिचं ब्लडप्रेशर थोडं वाढलं तर उतरेल. मी हिशेब केला आणि मोबाइल हातात घेतला.

"एका वडापावनं काही होणार नाही," मी म्हटलं. "त्यावर ती नुसता रागाचा चेहरा पाठवेल."

काकांनी विचार केला. "दोन?"

"मिसळ म्हणू या."

"मिसळ." ते जरा सरसावून बसले. "तर्रीवाली."

"वर जादा फरसाण."

"पाव किती?"

"ते तुम्ही तिला सांगा. सगळं मीच सांगितलं तर तुम्हाला बोलायला काय उरणार?"

त्यांनी मान हलवली, हे त्यांना पटलं. मग म्हणाले, "तुमच्या पापडाचं नाव येऊ देऊ नका हं. धंद्यावर परिणाम नको."

मी मेसेज लिहिला, त्यांना वाचून दाखवला आणि पाठवला. ते उठले. चप्पल घालताना थोडी घाई दिसली. आपल्या घरात गेले, दार लावलं.

मी फोडी बारीक करायला मिक्सरमध्ये भरल्या. झाकण लावलं, बटणावर हात ठेवला, तेवढ्यात पलीकडे फोन वाजला. मी हात काढून घेतला.

"हॅलो. … हो, खाल्ली. … कोणी सांगितलं तुला? … ती बाई ना, तिला काही कामच नाही." इथे आवाज माझ्या खिडकीच्या बाजूला जरा जास्त आला. "पाव? दोन. … बरं, तीन. … तर्री होती की. बिनतर्रीची मिसळ असते का कुठे? … नाही गं, छातीत काही नाही, गोळ्या घेतोय वेळेवर. … रागावू नकोस. … आधी तू सांग, तुझा आवाज असा का येतोय? सर्दी झालीय का? … झोपतेस किती वाजता?"

मी स्टूल ओढून बसले. फोडी मिक्सरमध्ये पाणी सोडत होत्या, सोडू देत म्हटलं. पलीकडे बराच वेळ सर्दी चालली, मग नातवाचा गॅदरिंगचा नाच, मग तिच्या नव्या घराचा गळका नळ. शेवटी ती पुन्हा मुद्द्यावर आली असावी, कारण काका थोडा वेळ नुसते ऐकत होते.

"शब्द कसा देऊ?" ते म्हणाले. "मोह होतो मला. आजचं झालं ते झालं. उद्याचं मी आत्ता काही सांगू शकत नाही. तू फोन करून विचार."